कोट कुणी शिवला

६ जून

राखणदारास,

हा कोट कुणी शिवला, असं तू विचारलंस म्हणे. मी शिवला.

काल गुंडीचा फोन आला होता. "आई, काका सकाळपासून कोट उलटा करून बसलाय. अस्तराच्या टाक्यांवरून बोट फिरवतो आणि विचारतो, हे कुणी केलं. मी काय सांगायचं? तूच लिही त्याला. मला मध्ये घेऊ नकोस." एवढं बोलून तिने फोन ठेवला. माझी लेक माझ्याशी एका दमात एवढं बोलली त्याला बराच काळ लोटला होता. तुझ्या निमित्ताने का होईना, मी ते पदरात पाडून घेतलं. पत्र तिच्याच पत्त्यावर पाठवतेय. ती टेबलावर ठेवील, तू उचल. दुसऱ्याचं पत्र ती फोडायची नाही. माझ्यावर कितीही रागावलेली असली तरी तिला वळण मीच लावलंय.

तर मी कोण? मी गुंडीची आई. शिवणकाम करते. नवे कपडे कमी, जुनेच जास्त. लोक जाड होतात, वाळतात, आणि त्यांचे कपडे माझ्याकडे येतात.

तुला आमची खोली आठवत असेल. बेकरीच्या वरची, जिना चढून डाव्या हाताला. खिडकीतलं मशीन आठवत असेल, त्याचं पायडल कुरकुरायचं तेही. मशीनवर कोण बसलेलं असायचं, ते आठवणार नाही. गुंडीला गोवर निघाला तेव्हा तू तिच्या उशाशी उभा होतास, ते आठवेल. कपाळावरची पट्टी कोण बदलत होतं, ते नाही. हे असं का, ते एकदा तूच मला समजावलं होतंस, आता मी तुला समजावते. काय दिवस आलेत! तुम्हा लोकांचा नियम आहे. तू एका वेळी एकाच माणसाला राखतोस, ते माणूस आणि त्याच्या छपराखाली जो कोणी झोपेल तो. त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने तुला दुसऱ्या कुणावर सोपवलं, की तू तिकडे जातोस, आणि सोपवणारा तुझ्या मनातून पुसला जातो. फक्त तेवढाच. बाकी सगळं जागच्या जागी राहतं. मी तुला गुंडीवर सोपवलं, म्हणून मी पुसले गेले.

मला काय हवंय ते आधीच सांगून टाकते. गिऱ्हाइकालाही मी आधी तेच विचारते, उगीच गोल गोल बोललेलं मला चालत नाही. तू मला पुन्हा ओळखावंस, एवढं मला हवंय. आठवणं आता होणार नाही, हे मला माहीत आहे. पण ओळख काय, नव्यानेही होते माणसांची.

कोटाचं खालचं बटण बाकीच्या बटणांशी जुळत नाही. त्याचं कारण आहे, सांगेन. अस्तर उसवून बघू नकोस, आत काही नाही.

कोट शिवणारी


२९ जून

राखणदारास,

"बाकीचं सांगा," एवढाच निरोप पाठवलास. सांगा! गुंडीने तो जसाच्या तसा ऐकवला आणि मला आधी हसू आलं. ज्याच्याशी इतकी वर्षं भांडले तो मला अहोजाहो करतो. असो. परक्या बाईशी रीतीने बोलतोस, हे तुझं चांगलंच आहे.

गुंडीचा बाप मोठ्या शहरात काम बघून येतो म्हणून गेला, तो अजून बघतोच आहे. गुंडी तेव्हा नुकती चालायला लागली होती. मी बेकरीवरची खोली घेतली, कारण खालच्या भट्टीमुळे तिथली फरशी उबदार असायची आणि पोर दिवसभर फरशीवरच असायची. सामान म्हणजे मशीन, एक पलंग आणि एक कात्री. शेजारी नाही, पाजारी नाही. खाली बेकरीवाली, आणि तिच्या जिभेला हाड नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

एका दुपारी मी एका गाणाऱ्या बाईचा झगा कमरेत घेत होते. तोंडात टाचण्या होत्या, दार नुसतं लोटलेलं होतं. गुंडी गेली ती थेट जिन्यावर, आणि तिथून खाली. मी ओरडले, टाचण्या फरशीभर झाल्या. धावत जाऊन बघते तो जिन्याच्या वळणावर गुंडी हवेत बसलेली. खाली पायरी नाही, कठडा नाही, आणि बाईसाहेब टाळ्या वाजवतायत.

मग मला तू दिसलास. आधी तिच्याखाली धरलेले दोन हात, मग बाकीचा तू. दारात मावणार नाहीस एवढा उंच, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा. अशा वेळी बाया किंचाळतात म्हणे. मला किंचाळायला वेळच नव्हता. मी म्हणाले, "तिला आधी इकडे द्या." तू दिलीस. मग मी म्हणाले, "आता सांगा, कोण तुम्ही?"

"राखतो," तू म्हणालास.

"कुणाला?"

"या खोलीत घड्याळं दुरुस्त करणारी एक म्हातारी राहायची, तिला राखत होतो. जाताना ती म्हणाली म्हणे, माझ्यामागून जी येईल तिला राख."

"म्हणाली म्हणे? तुम्हाला आठवत नाही?"

"नाही. मला टिकटिक आवडते. का आवडते ते आठवत नाही."

नियम मला त्या दिवशी कळला. तेव्हा मला फक्त त्या म्हातारीची कीव आली होती. आपल्यावरही हीच पाळी येईल, असं मनाला शिवलंसुद्धा नाही.

बाकी तुझं येणं काही फार जाणवलं नाही, म्हणजे खर्चाच्या बाजूने. तू जेवत नव्हतास. चहा ओतला की कपावर तोंड धरून नुसती वाफ घ्यायचास आणि "छान झालाय" म्हणायचास. मी तो गार चहा प्यायचे. आयुष्यात इतका गार चहा कुणी प्यायलं नसेल. तू कायम दारापाशी उभा. मी म्हणायची, "बसा ना, पाहुण्यासारखे काय उभे राहता?" तर म्हणायचास, "राखणारा बसत नाही." गुंडी तुझ्या पायांत घर मांडून खेळायची. काका, असं तिनेच सुरू केलं. मी तुला 'तू' कधी म्हणायला लागले ते मला आठवत नाही. बघ, विसरणं काही तुझ्याच घरचं नाही.

अक्षर वाकडं आलंय ते पेनामुळे.

कोट शिवणारी


१८ जुलै

राखणदारास,

आज बटणाची गोष्ट.

तू आम्हा दोघींना दिसायचास, बाकी कुणाला नाही. एकदा दिसलास की दिसतोस, पण पहिल्यांदा दिसायला तुझ्या राखणीतलं कुणी असावं लागतं. त्यामुळे बाहेर पंचाईत व्हायची. बाजारात तू पिशवी धरलीस की पिशवी हवेत चालायची. मी झटकन तिच्याखाली हात घालायची. बेकरीवाली एकदा म्हणाली, "तू गं कुणाशी बोलतेस जिन्यात?" मी म्हणाले, "स्वतःशी." ती म्हणाली, "मग भांडतेस का?"

आणि खरं सांगू, मला हौस होती. रविवारी नवराबायको मुलाला मध्ये घेऊन तळ्याकाठी चालतात, तसं मला चालायचं होतं. मी कुणाला काही दाखवायला निघाले नव्हते. कुणीतरी आपल्याला दोघं म्हणून बघावं, एवढंच होतं मनात.

मी शिवणारी बाई. मला दुसरं काय सुचणार? म्हटलं, याला कोट शिवू. गडद राखाडी लोकरीचं कापड होतं, एका गिऱ्हाइकाने टाकलं ते परत न्यायला आलंच नाही. तुला खिडकीपाशी उभा केला आणि टेप घेतली. छातीभोवती टेप गुंडाळली की ती सरळ तुझ्या आरपार खाली पडायची. पुन्हा गुंडाळली, पुन्हा पडली. गुंडी पलंगावर लोळून हसत होती. तू म्हणालास, "माझं माप नसतं." मी चिडले. माझ्यासमोर उभं राहून माप नसतं म्हणणारा मला तोवर भेटला नव्हता. मी म्हणाले, "माप सगळ्यांना असतं. तू इथे धड उभाच नाहीस. सगळं अंग दारापाशी निघायच्या तयारीत. जरा मनात आण ना, की इथे राहायचंय."

तू डोळे मिटलेस. मी टेप लावली. ती राहिली.

आकडे मी लिहून घ्यायला हवे होते, पण माझा हात चालेना. टेपच्या खाली छाती वरखाली होत होती. तुला श्वास घ्यायची गरज नव्हती, तरी तू घेत होतास. मग तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "आजवर मी सगळ्यांच्या दारापाशी उभा राहिलो. आत बसावंसं पहिल्यांदाच वाटतंय." आणि बसलास, माझ्या कापडाच्या गठ्ठ्यावर, इस्त्री केलेल्या! मी तुला उठवलं नाही. आयुष्यात मी फक्त तेवढी एक इस्त्री फुकट जाऊ दिली.

कोट बेतला, कच्चे टाके घातले, तीनदा अंगावर चढवून बघितला. तुझा डावा खांदा जरा उतरता आहे, दाराच्या चौकटीला टेकून टेकून झालाय तसा. म्हणून डाव्या खांद्यात आतून जास्तीची पट्टी आहे. हे बाहेरून कुणालाच कळणार नाही, तुलाही नाही. बटणं लावताना खालचं एक कमी पडलं. तर गुंडीने आपल्या फ्रॉकचं तोडून आणून दिलं. तिला गुंडी म्हणायला लागलो ते तेव्हापासून. ते बटण निळं आहे, कोटावर मुळीच शोभत नाही. मी बदलायला गेले तर तुम्ही दोघांनी असा काही कांगावा केलात की शेवटी राहू दिलं.

कोट घालून तू जिना उतरलास आणि बेकरीवालीने मान वर केली. "कोण गं हे?"

म्हणजे तू दिसत होतास! मी म्हणाले, "आमच्या दूरच्या नात्यातले."

"किती दूरच्या?"

"फारच."

त्या संध्याकाळी आपण तळ्याकाठी तीन चकरा मारल्या. तू सरळ पुढे बघत चालत होतास, कडक, इस्त्रीच्या कपड्यातला मुलगा चालतो तसा. मी तुझ्या हातात हात घातला. कोटाच्या बाहीतून हात लागला तो गरम होता. हे मला अजून कळलेलं नाही, आणि मी कुणाला विचारलेलंही नाही. फोटोसुद्धा काढला आपण. फोटोवाल्याने दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावला. फोटोत मी, माझ्या मांडीवर गुंडी, आणि शेजारी ताठ बसलेला रिकामा कोट. "बाई, कॅमेरा बिघडला," तो बिचारा म्हणाला, "पैसे नकोत." मी पैसेही दिले आणि फोटोही घेतला. माझ्याकडे तुझा तेवढाच फोटो आहे. कोटाचं काम मात्र त्यात सुरेख दिसतं.

त्यानंतरची वर्षं मी लिहीत बसत नाही. पत्र गुंडीच्या हातून जातं, आणि काही गोष्टी लेकीच्या हातून जाऊ नयेत. एवढंच लिहिते की मी सुखात होते. नवरा टाकून गेलेली, एका खोलीत राहणारी, दिवसभर दुसऱ्यांच्या पँटी आखूड करणारी मी, त्या आख्ख्या गावात माझ्याएवढं सुखी कुणी नव्हतं.

कोट शिवणारी


११ ऑगस्ट

राखणदारास,

"मग मला दुसऱ्याला का दिलंत?" असं विचारलंस. मला वाटलंच होतं, याच वळणावर गाडी येणार.

आपली गुंडी काय काम करते ते तुला वेगळं सांगायला नको, रोज तिच्यासोबत वर जातोस. पण तेव्हा ते नवीन होतं. इतर पोरी शिकवणी घेतात, दुकानात बसतात, हिला क्रेन चालवायची होती. ढगांजवळच्या त्या काचेच्या पेटीत बसून लोखंड उचलायचं. शिकून तयार झाली, दूरच्या शहरात कामावर घेतली गेली. मी तिला हसत हसत मोजे विणून दिले. ती गेली की ती माझ्या छपराखालची राहणार नव्हती, म्हणजे तुझ्या राखणीतून सुटणार होती. हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही बोलत नव्हतो.

ती जायच्या आठवड्यात पेपरात बातमी आली. कुठल्याशा बांधकामावर क्रेन कलंडली होती. तिचं शहर नव्हे, तिची कंपनी नव्हे. पण मी तो पेपर घडी घालून ठेवला आणि तुला म्हणाले, "तू तिच्याबरोबर जा."

तू म्हणालास, "सोपवलंस की तू जाशील."

"मी कुठे जातेय? मी इथेच आहे."

"माझ्यातून जाशील."

मी म्हणाले, "तिला काही झालं तर मी तशीही कुणात उरणार नाही." खोटा धीर द्यायला तुला येत नाही, खोटं बोलताच येत नाही. त्या दुपारी तू कोटाच्या अस्तरावरून बोट फिरवत बसला होतास. पाठ करत होतास बहुतेक. गुंडी सांगते की तू अजून तसंच करतोस, तेव्हा मला वाटतं, तुझ्या बोटांना काहीतरी माहीत असावं.

गुंडीला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. बसच्या थांब्यावर, ती तिकीट काढायला गेली तेवढ्यात, मी बोलले. "आजपासून गुंडीला राख." चार शब्दसुद्धा नाहीत. तू तिची ट्रंक उचलून उभा होतास. तुझ्या डोळ्यांतून मी जाताना मला दिसले. दिवा मालवताना वात आधी लहान होते ना, तसं काही झालं नाही. एका क्षणात. मग तू माझ्याकडे बघितलंस, रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईकडे बघावं तसं, आणि अगदी सभ्यपणे म्हणालास, "बाई, जरा वाट देता का?"

मी वाट दिली.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गुंडीला वाटलं, तू नुसता पोचवायला निघालास. तिकडे पोचल्यावर तिला कळलं, तू माझं नावच घेईनास तेव्हा. तिने फोन केला आणि रडत ओरडली, "तुझं घर रिकामं करून मला दिलंस? हे ओझं मी का वाहू? मला विचारलंस का?" तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. तिचंही बरोबर आहे आणि माझंही बरोबर आहे. असलं भांडण मिटत नाही, कारण चुकलेलं कुणीच नसतं.

पुन्हा तोच प्रसंग आला तरी मी तेच करीन. पण तू "का दिलंत" विचारलंस, त्यात मला जरा तक्रार ऐकू आली. ती खरोखर होती की मीच ऐकली, कोण जाणे. मला ती आवडली.

तुझी
कोट शिवणारी


३ ऑक्टोबर

गुंडी,

हे पत्र काकाला नाही, तुला आहे. तो शेजारी असेल तर आधी त्याला दुसऱ्या खोलीत पाठव.

बेकरीवालीने तुला फोन केला हे मला कळलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तिच्या भट्टीत काही करपत नाही एवढंच काय ते तिचं कौतुक. हो, मी जिन्यात पडले. जूनमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा. पहिल्या वेळी नुसता हात मुरगळला, या वेळी मनगट मोडलं. प्लॅस्टर आहे, म्हणून पत्रं थांबली. हे पत्र बेकरीवालीची भाची लिहून घेतेय, तेव्हा तुला दोन शिव्या कमी मिळणार आहेत.

तू म्हणतेस, "मी काकाला तुझ्यावर परत सोपवते. मला आता सवय झाली उंचीची, मला कुणी नको."

खबरदार!

नियम विसरलीस का? तू सोपवलंस की तू जाशील. ज्याने तुला हवेत झेललं, तुझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाबाहेर दिवसभर उभा राहिला, तो तुझ्याकडे बघून "बाई, वाट देता का" म्हणेल. मी ते सोसलं कारण मी आई होते आणि मोठी होते. तुला तो बापाच्या जागी आहे. एक बाप तुला विसरला तेवढा पुरे. दुसरा मी विसरू देणार नाही, माझी दोन्ही मनगटं मोडली तरी.

आणि माझ्यासाठी काय? तो इथे येईल, पण मी त्याला आठवणार नाही ती नाहीच. वर तूही गेलेली असशील. मग आम्ही दोघं या खोलीत बसून काय करू, एकमेकांना नावं विचारू?

मला तो हवा आहे. ते मी नाकारत नाही. रोज हवा आहे. पण तुझ्या किमतीत नको.

रागावू नकोस, किंवा रागाव, पण तोंडाने काही बोलू नकोस. तुझ्या तोंडावर माझा भरवसा नाही, ते माझ्यावर गेलंय.

आई


२८ ऑक्टोबर

गुंडी,

हे डाव्या हाताने लिहितेय, भाचीला सांगण्यासारखं नाही. काल फोन ठेवल्यापासून मी खुर्चीतच बसून आहे. तू एवढंच म्हणालीस, "आई, मग तूच ये ना इकडे. माझ्या छपराखाली झोपलीस की तो तुलाही राखणार. कुणीच कुणाला विसरायचं नाही. हे आपल्याला आजवर का सुचलं नाही गं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तो हा. तुला सुचलं नाही, कारण तू रागावलेली होतीस. मला सुचलं होतं. पहिल्याच वर्षी सुचलं होतं. गिऱ्हाइकं आहेत, मशीन कुठे न्यायचं, तुझं घर लहान, अशी मी स्वतःलाच कारणं देत बसले. खरं कारण हे की मला भीती वाटते. लांब आहे तोवर तो मला पत्रातून ओळखतो. समोर गेले आणि तो पुन्हा त्या रांगेतल्या बाईकडे बघतो तसा बघायला लागला, आणि मग रोज, रोज तसाच बघत राहिला, तर? एकदा सोसलं. रोज सोसवेल की नाही, माहीत नाही.

पण तू फोनवर "ये ना" म्हणालीस ते लहानपणीसारखं म्हणालीस. त्यापुढे माझं काही चालत नाही.

प्लॅस्टर निघालं की येते. मशीन आणतेच आहे, त्यावर वाद नको. त्याला सांगून ठेव की येतेय. नको, सांगू नकोस. बरं, सांग.

आई


१९ नोव्हेंबर
गुंडीच्या घरी

राखणदारास,

तू आत कप विसळतोयस, मी बाहेरच्या खोलीत बसलेय, मध्ये एक भिंत आहे, आणि मी तुला पत्र लिहितेय. वेडेपणा आहे. पण तोंडाने जमत नाही, मघाशी बघितलंसच.

सकाळी दार तू उघडलंस. कोट घातलेला होता, सगळी बटणं लावलेली, खालचं निळंसुद्धा. मी तुझ्या डोळ्यांत बघितलं, आणि तिथे काही नव्हतं. वाट पाहणं होतं, अदब होती, ओळख नव्हती. "या," तू म्हणालास, "प्रवास नीट झाला ना तुमचा?" आणि माझ्या हातून पिशवी घेतलीस. मनाची एवढी तयारी करून आले होते, सगळी फुकट. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. गुंडी बाहेरून दार वाजवत म्हणाली, "आई, इथलं पाणी मीटरने येतं." मग मी दार उघडलं आणि ती माझ्या गळ्यात पडली. किती उंच झालीय कार्टी. तिच्या खांद्याचा शर्ट मी भिजवला, ती म्हणाली, "अगं, हा इस्त्रीचा होता." तिला माझी चेष्टा करता येते म्हणजे राग गेला. त्यासाठी आले असते तरी येणं वसूल होतं.

दिवसभर तू मला तुम्ही तुम्ही करत होतास. तुम्हाला उशी हवी का, तुम्हाला ऊन लागतं का. मीही मग तुम्हीच केलं. मला काय येत नाही?

संध्याकाळी गुंडी भाजी आणायला गेली. ती मुद्दाम गेली हे तुला कळलं नसेल, मला कळलं. तू म्हणालास, "एक बोलू?"

"बोला."

"मला तुमचं काही आठवत नाही. मी खूप शोधलं. खोटं मला सांगता येत नाही."

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले.

"पण ऑगस्टनंतर पत्र आलं नाही, तेव्हा मला काहीतरी झालं. मी गुंडीबरोबर वर जायचो, खाली यायचो, टपालपेटीत पत्र आहे का बघायचो. कुठे मन लागेना. गुंडीला विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, करमत नाही म्हणतात याला." तुझे हात कोटाच्या काठाशी चाळा करत होते. "मी कित्येकांना राखलं असेन. असं मला आधी कधी झालं होतं का, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल, म्हणून विचारतो. झालं होतं का?"

एवढी बडबडी बाई मी, बेकरीवालीला पुरून उरणारी, मला एक शब्द फुटेना. शेवटी कशीबशी म्हणाले, "लिहून देते." तू "बरं" म्हणालास आणि कप उचलून आत गेलास, जणू बायका असंच करतात.

तर हे उत्तर. हो. झालं होतं. अगदी असंच झालं होतं, आणि मलाही झालं होतं. तुझं पुसलं गेलं, माझं एक दिवसही थांबलं नाही. आता तुला ते नव्याने झालंय, मी काही न करता, इतक्या लांबून, माझ्या वाकड्या अक्षरावर. जुन्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतंय, कारण यात नियमाचा काही हात नाही.

ते कप ठेव आता. मी पत्र दाराखालून आत सरकवतेय. वाचलंस की बाहेर ये, आणि मला तू म्हण.